उजवी कूस

माझे वडील पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. दिवसभर शिशाची अक्षरं उचलून ओळीत बसवायची आणि घरी आलं की शब्दांचा कीस काढत बसायचं, असा त्यांचा स्वभाव. ती खोड माझ्यातही पुरेपूर उतरली. लग्न होऊन मी रिह्यात, या भातशेतीच्या खेड्यात, आले तरी 'असं नाही, असं म्हणायचं' हे माझं सुटलं नव्हतं, आणि सासरची माणसं त्यावरून माझी भरपूर टिंगल करत. एवढी मी शब्दांची जाणकार, पण 'कूस' या एका साध्या शब्दाने आमच्या घरात दीड महिना धुमाकूळ घातला आणि मला त्याचा पत्ता लागला नाही. वडिलांना मी हे कधी सांगितलं नाही. ते जन्मभर चिडवत बसले असते.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. घरात माणसं मोजून चार: सासूबाई, त्यांचे एकुलते एक चिरंजीव म्हणजे आमचे हे, मी, आणि आमची थोरली. सासरे मी पाहिलेच नाहीत. थोरली तेव्हा अडीच वर्षांची होती. खरं तर थोरली म्हणायला धाकटं कोणी अजून आलं नव्हतं, पण यायच्या वाटेवर होतं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, पुण्यात झालं होतं. हे दुसरं, म्हणजे सासरी. त्यामुळे सासूबाईंनी सगळा कारभार आपल्या हातात घेतला होता. मी काय खायचं, कुठे बसायचं, कोणत्या बाजूने उठायचं, सगळं त्या ठरवत. मी त्यांना आत्याबाई म्हणे आणि मनातल्या मनात फौजदार म्हणे.

श्रावण सरता सरता त्यांनी वरच्या वाडीतल्या सुईणबाईला बोलावून घेतलं. म्हातारी चांगली हाताची होती. मला घोंगडीवर आडवं करून तिने पोट चाचपलं, डोळे मिटले, पुन्हा चाचपलं. थोरली तिच्या गुडघ्याला टेकून काकडी खात बसली होती.

"बाळ उजव्या कुशीला हाय," सुईणबाई म्हणाली. "ल्योक हाय बघा."

उजवीकडे असलं तर मुलगा, डावीकडे असलं तर मुलगी, असा तिचा हिशेब. आत्याबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी तिच्या हातावर गुळाचा हा मोठा खडा ठेवला आणि वर चहा पाजला. थोरलीची काकडी मात्र तोंडातच राहिली होती. ती माझ्या उजव्या कुशीकडे टक लावून बघत होती. मी ते पाहिलं, पण तिला गूळ हवा असेल असं समजून तिलाही एक खडा दिला.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी मला गोचिडासारखी चिकटली. त्याआधी ती अशी नव्हती. सकाळी उठली की अंगणात, गोठ्यात, कोंबड्यांच्या मागे, भूक लागली तरच आईची आठवण. आता मी चुलीपुढे बसले की ही माझ्या उजव्या बाजूला अंग चिकटवून बसणार. मी भाकरी थापायला हात उचलला की तिच्या डोक्याला कोपर लागणार. पाण्याला निघाले की उजव्या कडेवर घे. सगळ्या बायका मूल डाव्या कडेवर घेतात, उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून. हिला डावी कडच चालेना. डावीकडे घेतलं की किंचाळायची आणि माझ्या छातीवरून चढून पलीकडे जायची. झोपताना तर ती आधीपासूनच माझ्या उजवीकडे असे, कारण डावीकडे भिंत होती. पण आता झोपायच्या आधी सगळी गोधडी उचलून झटकायची आणि मगच आडवी व्हायची. मी म्हटलं, विंचवाला भीत असेल.

"ह्या पोरीला झालंय तरी काय?" आत्याबाई रोज विचारत. "आन् तू कशाला घेती तिला कडंवर? कवाधरनं सांगतीया, जड हायेस, पोरीला उचलू नगंस."

सांगत होत्या हे खरं. दिवसातून दहा वेळा सांगत. पण दोन हात वर करून उभ्या राहिलेल्या आपल्या लेकराला नाही म्हणायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. मी आत्याबाईंची पाठ वळली की तिला उचलत असे.

आणि एक दिवस ते अंगाशी आलं. भातातलं तण काढायची बेणणी चालली होती आणि मी शेतावर भाकरी घेऊन निघाले होते. डोक्यावर पाटी, उजव्या कडेवर थोरली. बांध शेवाळून बुळबुळीत झाला होता. पाय सरकला आणि मी पाटीसकट, पोरीसकट खाचरात बसले. पडले असं म्हणवत नाही, बसलेच. चिखल मऊ, पाणी घोट्याएवढं. कुणालाही काही लागलं नाही. थोरलीला तर इतकी गंमत वाटली की ती म्हणाली, "पुन्ना!"

आत्याबाई बेणणी टाकून धावत आल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या सरळ खाचरात उतरल्या. तशाच चिखलात बसल्या, दोन्ही हातांनी माझं पोट चाचपत राहिल्या. पोटातल्याने एक सणसणीत लाथ मारली तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. मग मात्र त्यांचं तोंड जे सुटलं ते दिवेलागणीपर्यंत थांबलं नाही. शेवटी निकाल लागला.

"भाऊबीजंला तुजा भाऊ यील न्हवं? त्याच्या संगं पोरीला पुन्याला धाडायची. बाळंतीण उठंस्तवर तितंच ऱ्हाईल."

"नाही," मी म्हटलं. "ती माझ्याशिवाय एक दिवस राहिलेली नाही."

"म्हनूनच धाडायची. कापनीचं दिस, झोडनीचं दिस, घरात कुनी न्हाई. तू तिला उचलल्याबिगर ऱ्हायाची न्हाईस. मला ठावं हाय तुजं."

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आई म्हणती ते बराबर हाय." मी डोळे मोठे केले. तेव्हा म्हणाले, "आन् तू म्हणतीस ते बी बराबर हाय." आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बैलांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

मी गोठ्यात जाऊन रडले. अडीच वर्षांच्या मुलाला तीन महिने म्हणजे केवढे! परत येईल तेव्हा माझ्या आईला आई म्हणत असेल आणि मला काय म्हणेल, या विचाराने माझं रडं थांबेना. ती आजोळी सुखात राहील हेही मला माहीत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि आत्याबाईंपुढे जाऊन उभी राहिले.

"तिने कडेवर बसायचं सोडलं तर?"

आत्याबाईंनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. "सोडलं तर ऱ्हाऊ दे हितंच. पन ती काय सोडत न्हाई, आन् तू काय सोडू देत न्हाईस."

एवढं मला पुरेसं होतं. हातात दीड महिना होता.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. आधी गुळाची लाच दिली. तिने कडेवर बसून गूळ खाल्ला. मग म्हटलं, कडेवर बसणाऱ्या मुलांना बागुलबुवा नेतो. तर ती भिऊन आणखीनच वर चढली आणि माझ्या मानेला मिठी मारली. यांनी निरगुडीची एक काठी तोडून तिला घोडा करून दिला. तो उपाय लागू पडला असं वाटलं. दिवसभर ती काठीवर बसून अंगणात दौडत होती, आत्याबाईसुद्धा कौतुकाने बघत होत्या. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या निम्म्या वाटेत थांबली आणि म्हणाली, "घोडा दमला." मग तिला आणि घोड्याला, दोघांना कडेवर घ्यायचं ठरलं. आत्याबाईंजवळ झोपवून पाहिलं, तर तिने असा गळा काढला की शेजारचे चौकशीला आले. मला तिचाही राग येऊ लागला होता. एकदा मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग आम्ही दोघी मिळून रडलो.

नवरात्र संपत आलं तेव्हा एका दुपारी मी जरा लवंडले होते. डोळा लागला, आणि कुशीत काहीतरी वळवळतंय म्हणून जाग आली. बघते तर थोरली माझी गोधडी उचलून आत डोकं घालून शोधत होती. माझ्या लुगड्याचा ओचा वर करून पाहिलं, खाली हात घालून पाहिला, आणि हताश होऊन बसली.

"काय शोधतेस गं?"

"बाळ."

"कुठलं बाळ?"

"उजव्या कुशीतलं." तिने माझ्या उजव्या बाजूची जागा तळहाताने थोपटली. तिची झोपायची जागा. "ही माजी हाय. बाळाला नगं."

मला सुईणबाई आठवली, ती काकडी आठवली, आणि मी एकदम उठून बसले. बिचारीने सुईणबाईच्या तोंडून ऐकलं होतं की तिच्या जागेवर, आईच्या उजव्या कुशीत, एक बाळ येऊन राहिलंय. आपण उठलो, जरा लांब गेलो, की ते तिथे पसरणार. म्हणून ती दीड महिना जागा राखत होती. चुलीपुढे, विहिरीवर, बांधावर, उजवीकडे. लेकरू कुशीत झोपतं आणि लेकरू कुशीतून जन्मतं, या दोन कुशी वेगळ्या असतात हे तिला कोण सांगणार? मोठ्यांचा कधी गोंधळ होत नाही, म्हणून आम्हाला ते सुचलंच नाही. मी आधी पोट दुखेपर्यंत हसले. मग तिला जवळ घेतलं आणि त्या धपाट्याची आठवण होऊन डोळ्यांत पाणी आलं.

"हे बघ," मी म्हटलं, "आईला कुशी किती असतात?"

तिला माहीत नव्हतं.

"दोन. ही उजवी आणि ही डावी. उजवी तुझी. बाळ डाव्या कुशीत राहणार."

तिने डावीकडच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे तिला काही हरकत दिसली नाही. पण पोरगी छापखान्यातल्या माणसाची नात. नुसत्या शब्दावर विश्वास कसा ठेवणार? तिने माझ्या पोटावर हात ठेवला, आणि पोटातल्याने तेवढ्यात नेमकी उजवीकडे ढुशी दिली.

"हितंच हाय!" ती ओरडली.

"निघालाय तो," मी घाईघाईने म्हटलं. "सामान बांधतोय. दिवाळीपर्यंत जाईल पलीकडे."

"जा," तिने माझ्या पोटाला तोंड लावून सांगितलं. "तिकडं जा."

त्या दिवसापासून ती रोज दोनदा पोटाला तोंड लावून बाळाला हाकलत असे. आणि तेवढं करून झालं की मोकळी! पुन्हा कोंबड्या, पुन्हा गोठा. विहिरीवर येताना काठीचा घोडा पुढे आणि मी मागे. मधूनच पळत यायची, विचारायची, "गेलं?" मी म्हणायची, "निघालंय." मग पुन्हा पळायची. मी आत्याबाईंना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं असं मला वाटत होतं, आणि थोडा ताठाही होता.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. आत्याबाईंनी थोरलीचं गाठोडं आदल्या दिवशीच बांधून ओसरीवर ठेवलं होतं. दोन झबली, एक फ्रॉक, कुंची. दुपारच्या एसटीने जायचं होतं. भात पिकून वाकलं होतं, आणि कापणी सणासाठी थांबत नाही. सकाळी मी भावाला ओवाळलं आणि आम्ही सगळेच भाकरी घेऊन शेताकडे निघालो. पाटी भावाने घेतली. आत्याबाई पुढे, मागे थोरली नव्या फ्रॉकमध्ये, तिच्या मागे मी, शेवटी भाऊ. माझे हात मोकळे होते आणि मी ते मुद्दाम मागे धरले होते.

तोच बांध. मध्यावर पाणी सोडायला बांध फोडून हातभर खाच पाडली होती. आत्याबाई ओलांडून पुढे गेल्या आणि वळून उभ्या राहिल्या. थोरली खाचेपाशी थांबली. खाली पाहिलं. मग मागे वळली आणि माझ्याकडे दोन्ही हात वर केले.

मला वाटलं, संपलं सगळं. मी हलले नाही. भाऊ पुढे होऊ लागला तर आत्याबाईंनी पलीकडून त्याला हाताच्या खुणेने थांबवलं. थोरलीने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. काय विचार केला कोण जाणे, हात खाली घेतले. नवा फ्रॉक सावरून, नाही, न सावरताच, चिखलात बसली, बसल्या बसल्या घसरत खाचेत उतरली, पलीकडच्या काठावर पोटावर पालथी पडून चढली आणि आजीपुढे उभी राहिली. फ्रॉकचा रंग कोणता होता ते सांगता आलं नसतं.

"आली की गं बया!" आत्याबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं आणि झबली पुन्हा ट्रंकेत ठेवली. मग माझ्या भावापुढे आंबेमोहराची पिशवी आणून ठेवली. "पाव्हणं, रिकाम्या हातानं जाऊ नगा."

"मावशी, भाची न्यायला आलो होतो, तांदूळ घेऊन चाललोय," भाऊ म्हणाला.

"तांदूळ रडत न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या.

मार्गशीर्षात मी बाळंत झाले. मुलगी झाली. सुईणबाई क्षणभरच गोंधळली. "उजव्या कुशीलाच व्हतं," ती ठामपणे म्हणाली. "पन ह्या तुमच्या थोरलीनं हाकलून हाकलून डाव्या कुशीला लावलं. मग काय व्हनार? पोरगीच व्हनार!" तोपर्यंत थोरलीचे उद्योग घरभर माहीत झाले होते. आत्याबाईंना ते पटलं. दोन दिवस त्या थोरलीकडे डोळे वटारून बघत होत्या, आणि बघता बघता हसत होत्या.

मी दिल्या शब्दाला जागले. बाजेवर धाकटीला डावीकडे घेतलं आणि उजवीकडे हातभर जागा सोडून अगदी कडेला सरकून झोपले. थोरली आली, बाळाला नीट पाहिलं, कोणत्या बाजूला आहे ते तपासलं, आणि आपल्या जागेवर चढायला लागली. पण बाजेखाली शेगडी धगधगत होती, बाज अरुंद. आत्याबाईंनी तिला उचलून खाली घेतलं. "दहा दिस न्हाई. भाजशील." झालं! माजी कूस, माजी कूस, म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. मला खाली उतरता येत नव्हतं आणि तिला वर घेता येत नव्हतं. मी खोटी ठरले होते.

शेवटी आत्याबाईंनी बाजेशेजारी जमिनीवर घोंगडी टाकली आणि त्या स्वतः तिच्यावर आडव्या झाल्या. भर दुपारी. खळ्यात झोडणी चालू असताना. ही बाई दिवसा आडवी झालेली मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते.

थोरली रडता रडता थांबली. "आज्जे, तुला बी दोन कुशी हायेत?"

"हायेत की."

"कुनाच्या?"

"डावी तुज्या बापाची."

"आन् उजवी?"

"ती मोकळी हाय. तुज्या बापाला कडंवर घिऊन मी बांधावरनं पडले व्हते. तवा जे पोटात व्हतं ते ऱ्हायलं न्हाई."

एवढंच, रोजच्या आवाजात. मला चिखलात माझं पोट चाचपणारे ते हात आठवले. फौजदार म्हणत होते मी त्यांना.

थोरलीला बांधाचं काही कळलं नाही. मोकळी हाय, एवढं मात्र बरोबर कळलं. ती घोंगडीवरून पलीकडे गेली, आजीच्या उजव्या कुशीत शिरली, जागा तळहाताने थोपटून पाहिली आणि म्हणाली, "ही बी माजी." आणि डोळे मिटले.

ती झोपली. आत्याबाई तशाच पडून होत्या. खळ्यावरून यांनी दोनदा हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. तिच्या डोक्याखाली त्यांचा हात अडकला होता. माझ्या उजवीकडची जागा मी अजून राखून ठेवली होती आणि ती रिकामी होती. मला तिथे फार चुकल्यासारखं झालं. ज्या पोरीला पुण्याला जाऊ दिलं नाही, ती तीन हातांवर जाऊन झोपली होती.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आत्याबाई, हात अवघडला असेल ना?"

"अवघडू दे," त्या म्हणाल्या.

दहा दिवसांनी शेगडी निघाली. मी थोरलीला परत मागितलं नाही.